ऑपरेटरला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

वीज कोणाच्या मालकीची असावी, हा वाद दर दोन-चार वर्षांनी डोकं वर काढतो. नागपूरच्या महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स या भागांचं वीजवितरण 2011 मध्ये फ्रँचायझीकडे, म्हणजे ठेका घेतलेल्या खासगी कंपनीकडे गेलं आणि 2019 मध्ये परत महावितरणकडे आलं. जानेवारी 2023 मध्ये समांतर परवान्याच्या, म्हणजे त्याच भागात दुसऱ्या कंपनीलाही वीज वाटू देण्याच्या, विरोधात राज्यभरातले वीज कर्मचारी संपावर गेले. त्याच दिवशी सरकारशी बोलणी होऊन संप मागे घेतला गेला. आणि आमच्याकडे वऱ्हाडात शेतकऱ्यांची बैठक बसली की अधूनमधून कोणीतरी तिसराच विचार मांडतो: ना सरकार, ना शेठ, आपण आपली वीज सहकारी संस्थाच काढू.

या तिन्ही वादांत एक माणूस कुठंच दिसत नाही. 33/11 केव्ही उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला बसलेला ऑपरेटर. कागदोपत्री तो यंत्रचालक, गावाच्या तोंडी ‘सबस्टेशनवाला’. माझं म्हणणं असं आहे की मालक कोणीही असो, या माणसाला रात्री दोन वाजता फोनवरच्या मोठ्या माणसाला ‘नाही, लाइन सोडत नाही’ (म्हणजे वीज चालू करत नाही) असं म्हणता येतं का आणि तसं म्हटल्यावर महिनाअखेरीला त्याची नोकरी शाबूत असते का, हे आधी विचारावं. बाकीचे प्रश्न त्यानंतर.

मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो. आमची पोरं दोन वर्षं शिकतात, मग अप्रेंटिसशिप करतात, मग कायम भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसतात. ती जाहिरात येईपर्यंत घर चालवायचं म्हणून कोणत्या तरी कंत्राटदाराच्या यादीत नाव घालून उपकेंद्रावर बसतात. त्यांतल्या काहींची लग्नं झाली, पोरं शाळेत गेली, तरी ती अजून त्याच यादीत आहेत. मधल्या काळात टेंडर बदललं, कंत्राटदार बदलला, ओळखपत्राचा रंग बदलला. खुर्ची तीच आणि तिच्यावरचा माणूसही तोच.

उपकेंद्रावर काय करतात, हे गावात कोणाला विचारलं तर उत्तर मिळतं: ‘बटन दाबते अन् झोपते.’ बटन दाबतो हे खरं. ते बटन व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरचं, म्हणजे लाइन तोडणाऱ्या-जोडणाऱ्या मोठ्या स्विचचं असतं. महापारेषणच्या मोठ्या केंद्रातून 33 केव्हीची लाइन येते, पाच किंवा दहा एमव्हीएचा पॉवर ट्रान्सफॉर्मर तिचं 11 केव्ही करतो आणि तिथून फिडर, म्हणजे वेगवेगळ्या भागांना जाणाऱ्या लाइनी, निघतात. गावठाणचा वेगळा, शेतीचा एजी वेगळा, कुठं पाणीपुरवठ्याचा, कुठं जिनिंगचा. दर तासाला प्रत्येक फिडरचे अॅम्पिअर, व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान लॉगबुकात चढवायचं. फिडर ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) की रिलेवर, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या उपकरणावर, पाहायचं: ओव्हरकरंट (जास्त प्रवाह) आहे की अर्थ फॉल्ट (वीज जमिनीत जाणं). ओव्हरकरंट असेल तर कदाचित एजीवर सगळ्यांनी एकदम मोटारी सुरू केल्या असतील. अर्थ फॉल्ट असेल तर तार कुठंतरी जमिनीवर, झाडावर किंवा कोणाच्या अंगावर पडलेली असू शकते. ट्रायल घ्यायची, म्हणजे लाइन एकदा चालू करून पाहायची, की आधी लाइनमनला पाठवायचं, हा निर्णय त्या दोन मिनिटांतला असतो. तो घेण्यासाठी त्याला आपला फिडर माहीत असावा लागतो: कुठल्या नाल्यापाशी तारा झोळलेल्या आहेत, कुठल्या वळणावर कडुनिंबाची फांदी वाऱ्यात लागते.

याशिवाय न दिसणारी कामं आहेत. ब्रेकर ट्रिप व्हायला जी ताकद लागते ती डीसी बॅटरी सेटमधून येते. बॅटरी मेली असेल तर खाली तार तुटून पडली तरी ब्रेकर उघडत नाही आणि मग फॉल्ट वर ट्रान्सफॉर्मरपर्यंत चढतो. म्हणून हायड्रोमीटर घेऊन एकेक सेल तपासायचा, डिस्टिल्ड वॉटर घालायचं. ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्या ब्रीदरमधली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली म्हणजे ओल शोषून ती भरली. ती बदलायची किंवा भाजून परत निळी करून घ्यायची. आणि आमच्या काळ्या मातीतलं खास काम म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यांना पाणी. मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती सुकते, तसा जमिनीचा रोध वाढतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्या खड्ड्यात बादली ओतणारा माणूस कोणाच्या खिजगणतीत नसतो. उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मरपुढे कूलर लावल्याच्या बातम्या आपण कौतुकानं वाचतो. आतल्या ऑपरेटरपुढे कूलर आहे का, हे कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

पण या सगळ्यांत जीवनमरणाचं काम एकच: परमिट.

लाइनमनला खांबावर चढायचं असतं तेव्हा तो लाइन बंद मागतो. ऑपरेटरनं ब्रेकर उघडायचा, मग आयसोलेटर (लाइन डोळ्यांना दिसेल अशी तोडणारा स्विच) उघडायचा, त्याची तिन्ही पाती खरंच सुटली का हे यार्डात जाऊन डोळ्यांनी पाहायचं, अर्थ करायचं (लाइन जमिनीला जोडायची), कुलूप लावायचं, ‘माणसं काम करीत आहेत’ ही पाटी अडकवायची आणि मग नाव, वेळ, फिडर लिहून परमिटचा नंबर द्यायचा. तिकडे लाइनमननं तार तपासून तिच्यात उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावायचा. काम संपलं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच, सगळी माणसं खाली उतरली, अर्थ काढलं, असं सांगून ते परत करायचं. तोवर जगबुडी आली तरी लाइन चार्ज होत नाही. पूर्वी एकेरी रेल्वेमार्गावर टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे आणि त्याला कोणी आमदारही फोन करत नसे. परमिट तसंच असायला हवं.

प्रत्यक्षात मोबाइलनं परमिटाचा घात केला आहे. ‘भाऊ, पाच मिनटं बंद कर, एक जंप टाकाचा आहे.’ वहीत नोंद नाही, नंबर नाही. त्यात खांबावर चढणारा पुष्कळदा लाइनमनही नसतो, झिरो वायरमन असतो: ना कुठल्या यादीत, ना विम्यात, गावातलाच एखादा पोरगा, शे-दोनशे रुपयांवर डीओ (खांबावरचा फ्यूज) टाकून देणारा. एकाच फिडरवर दोन टोकांना दोघांनी तोंडी बंद मागितलं, एकाचं काम आटपलं, त्यानं ‘सोड’ म्हटलं, की दुसरा संपला. लाइनवर माणूस गेल्याची बातमी आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो की परमिट लेखी होतं का. उत्तर ऐकून फारसं आश्चर्य वाटत नाही.

मग ऑपरेटर तोंडी बंद का देतो? इथं लोक ‘निष्काळजीपणा’ हा शब्द काढतात. मला तो पटत नाही. कंट्रोल रूमवर येणारे फोन ऐका. ‘लाइन कधी येईन भाऊ?’ हे साधं. ‘काहून बंद ठेवली बे?’ ही पुढची पायरी. त्यानंतर ‘साहेबाले सांगू का?’ आणि शेवटी खुद्द साहेब किंवा साहेबाच्या वरचा कोणी. विदर्भाच्या प्रत्येक पट्ट्यात या फोनांचा हंगाम वेगळा. वरुड-मोर्शीकडे मे महिन्यात, कारण संत्र्याची झाडं वाळतात. भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धानाला. यवतमाळ-वाशीमकडे हिवाळ्यात हरभरा-गव्हाच्या ओलिताला. फोन करणाऱ्याचंही चुकत नाही. त्याला एजीची थ्री फेज आठ तास मिळायची, त्यातही आठवड्याची पाळी रात्रीची. रात्री साप-विंचवात, ताडोबा किंवा पेंचच्या कडेला तर वाघाच्या धास्तीत, तो बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो आणि तेवढ्यात फिडर बंद होतो. त्याचा राग ज्याच्यापर्यंत पोहोचू शकतो असा वीजव्यवस्थेतला एकमेव माणूस म्हणजे ऑपरेटर. तिरोड्याच्या 3300 मेगावॅटच्या किंवा चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या वीजकेंद्राला फोन लावता येत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. वादळानंतर फिडर परमिटवर होता, लाइनमन आठ-नऊ किलोमीटरवर खांबावर. गावातल्या वजनदार माणसाचा फोन आला, लाइन सोड. पोरगा म्हणाला, परमिट परत आल्याशिवाय नाही. शिव्या झाल्या, यार्डाच्या गेटवर माणसं आली, तरी तो हलला नाही. नियमानं वागल्याबद्दल त्याला शाबासकी मिळायला हवी होती. आठवड्याच्या आत कंत्राटदाराच्या माणसानं त्याला सांगितलं, ‘उद्यापासून येऊ नको, तुझ्या जागी दुसरा दिला.’ लेखी काही नाही, कारण नाही, चौकशी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका उपकेंद्रातल्या कायम ऑपरेटरनं असंच केलं होतं. त्याची बदली झाली, तो दोन वर्षं कुरकुरला आणि परत आला. मी बोलतोय तो फरक एवढाच आहे. दोघांनाही त्रास झाला. एकाचं घर चालू राहिलं.

त्या पोराच्या जागी जो आला त्यानं काय धडा घेतला असेल? तो आता फोनवर ‘नाही’ म्हणेल का? म्हणून मी म्हणतो की नोकरीची शाश्वती हे फक्त कामगारांचं दुखणं नाही. ब्रेकर, रिले, अर्थिंग यांच्या रांगेत ती बसते, कारण ‘नाही’ म्हणणारा माणूस हेही एक संरक्षण-उपकरण आहे आणि त्याची बॅटरी आपण काढून ठेवली आहे.

कायद्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानं कलम 10 मध्ये, कुठल्या कामावर कंत्राटी पद्धत बंद करावी याचा विचार करताना काय पाहायचं ते लिहून ठेवलं: काम त्या धंद्याला आवश्यक आहे का, ते बारमाही आहे का, तसल्या ठिकाणी ते एरवी कायम कामगार करतात का. उपकेंद्र चालवणं या कसोट्यांवर तपासायला वकील कशाला हवा? ते वर्षातले 365 दिवस, चोवीस तास चालतं. पण त्या कायद्याखाली बंदी आपोआप येत नव्हती, ती सरकारनं अधिसूचना काढून घालायची होती. आणि स्टील अथॉरिटीच्या खटल्यात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बंदी आली तरी कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे कामगार होत नाहीत. म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या झिजवून हे सुटेल अशी आशा मी पोरांना दाखवत नाही. हा निर्णय राजकीय आहे आणि तो मतदारांनी मागायचा आहे.

आता दुसरी बाजू. कायम माणसं काय मोठे दिवे लावत होती, असं मला गावातलेच लोक विचारतात. रात्रपाळीला दारू पिऊन पडलेले कायम ऑपरेटर मीही पाहिले आहेत. तोंडी परमिटाची सवय कंत्राटी पोरांनी आणलेली नाही, ती जुनीच. शाश्वती दिली की माणूस शहाणा होतो असा माझा दावा नाही. माझा दावा याहून लहान आहे: शाश्वती असलेल्या शहाण्या माणसाला शहाणपणानं वागता येतं, ती नसलेल्या शहाण्या माणसाला येत नाही. बेजबाबदार कायम माणसावर कारवाई करायला चौकशीची यंत्रणा आहे, ती वापरत नाहीत हा वेगळा आळस.

पैशाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. कृषिपंपांची थकबाकी हजारो कोटींत आहे, 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं, अशा वेळी खर्च कुठून काढायचा? पण हिशोब करून पाहू. तीन पाळ्या, सात दिवस, म्हणजे आठवड्याच्या एकवीस पाळ्या. एक माणूस सहा करतो. चार माणसांच्या खाली उपकेंद्र चालत नाही. तीन दिली तर साप्ताहिक सुटी आणि रजा कोणाच्या तरी बारा तासांतून निघते. हजारो ग्राहकांवर चार पगार. त्यातलाही बराचसा भाग कंत्राटदारामार्फत आजही खर्च होतोच. वाढीव बोजा राहतो तो फरकाचा. कमिशन, जीएसटी वगळून तो फरक प्रति युनिट किती पैशांचा होतो, हे कंपन्यांनी मांडावं. कोणी मांडत नाही, म्हणून ‘परवडत नाही’ हे वाक्य फुकटात चालतं.

तंत्रज्ञानाचा मुद्दा मी दोन ओळींत संपवतो. स्काडा (दूरवरून उपकेंद्र चालवणारी संगणक यंत्रणा) लावा, उपकेंद्र माणसाविना चालवा, असं म्हणतात. शहरात, जिथं एका फिडरला दुसरीकडून पुरवठा देता येतो, तिथं जरूर लावा. दूरवरून ब्रेकर उघडेल. आयसोलेटरचं तिसरं पातं अर्धवट चिकटून राहिलंय हे पाहायला यार्डात डोळे लागतात. एटापल्ली-भामरागडच्या जंगलातून किंवा मेळघाटाच्या घाटातून जाणारी एकेरी लाइन, जिथं पावसात मोबाइलची रेंजही जाते, तिथं तर हा विषयच काढू नये.

राहिली सहकारी संस्था. ही कल्पना हवेतली नाही. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर देशात पाच प्रायोगिक संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडे श्रीरामपूरची मुळा-प्रवरा, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. मुळा-प्रवरा वीज मंडळाकडून वीज घेऊन सभासदांना विकत होती. थकबाकीच्या डोंगराखाली तिचा कारभार 2011 मध्ये महावितरणकडे गेला. बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरी आणि तेलंगणातली सिरसिल्ला मात्र टिकल्या. तेव्हा सहकारात वीज चालत नाही असं कोणी म्हणू नये.

विदर्भात ती चालेल का, याबद्दल मी साशंक आहे, आणि त्याचं कारण नागपूर, वर्धा, बुलडाण्याच्या जिल्हा सहकारी बँकांत ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांना सांगायला नको. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. समजा संस्था चांगली चालली. ऑपरेटर गावचा असेल, फिडर त्याच्या पायाखालचा असेल, आमसभेत त्याला आणि त्याच्या साहेबाला उभं करून प्रश्न विचारता येईल. हे फायदे खरे आहेत. मात्र संचालकाची विहीरही त्याच फिडरवर असेल. आज फोन करणारा वजनदार माणूस निदान बाहेरचा असतो. उद्या तोच ऑपरेटरचा मालक असेल आणि कदाचित त्याचा चुलतमामाही. ‘नाही’ म्हणणं तिथं सोपं होईल की अवघड? मला वाटतं, जास्त अवघड. म्हणून सहकाराची भाषा करणाऱ्यांना माझं सांगणं असं की उपविधीत पहिल्यांदा हे घाला: परमिटवर असलेल्या लाइनबाबत अध्यक्षाचाही शब्द चालणार नाही आणि नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला चौकशीशिवाय काढता येणार नाही. हे घालायची तयारी नसेल तर मालक बदलून ऑपरेटरच्या खुर्चीत काही फरक पडत नाही.

घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्रांच्या आसपास सौर प्रकल्प उभे राहत आहेत, शेतीला दिवसा वीज मिळेल. मला हे मनापासून हवं आहे. रात्रीचं ओलीत थांबलं तर निम्मे फोनही थांबतील. पण त्यानं उपकेंद्राचं काम सोपं होत नाही. आतापर्यंत वीज वरून खाली येत होती, आता ती बाजूनंही आत येते. लाइन गेली की सौर इन्व्हर्टर बंद पडतो हे बरोबर. तरी परमिट देताना त्या बाजूचं आयसोलेशन वेगळं तपासायचं, वेगळं कुलूप लावायचं. शिवाय छपरावरच्या पॅनेलांची, शेतातल्या जनरेटरची भर. काम दरवर्षी अधिक जाणकार माणूस मागतंय आणि आपण तिथं दर टेंडरला नवा, स्वस्त आणि घाबरलेला माणूस बसवायच्या बेतात आहोत.

कायम भरती उद्या होणार नाही, हे मला कळतं. तोवरही काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. कंत्राटदार बदलला तरी उपकेंद्रावरचा प्रशिक्षित ऑपरेटर बदलणार नाही, अशी अट टेंडरमध्ये घालता येते. कंट्रोल रूमच्या फोनवरची संभाषणं रेकॉर्ड करता येतात. आपला आवाज टेपवर जातोय हे कळलं की बरेच दादासाहेब एकदम सौम्य होतात. ज्याला ऑपरेटरचा नकार मोडायचा आहे त्यानं तो लेखी, आपल्या सहीनं मोडावा. आणि अपघात झाला तर वीज कायद्याच्या कलम 161 खाली विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करवता येते. हा निरीक्षक वीज कंपनीचा नोकर नसतो. त्याचा अहवाल फायलीत न राहता त्या गावच्या ग्रामपंचायतीत लागावा, म्हणजे परमिट लेखी होतं की तोंडी, आणि तोंडी का होतं, हे खांबावरून पडलेल्या पोराच्या घरच्यांनाही वाचता येईल.

दरवाढीच्या याचिकांवर वीज नियामक आयोग अमरावतीला आणि नागपूरला जनसुनावणी घेतं. तिथं आपण युनिटच्या पैशांवर भांडतो, आणि भांडायलाच हवं. कोणालाही लेखी हरकत देता येते. पुढच्या खेपेला मी दराविषयी लिहिणार नाही. माझ्या तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्रावर किती ऑपरेटर आहेत, त्यांतले किती कायम, किती जण बारा तास करतात आणि गेल्या वर्षभरात किती परमिटं वहीवर दिली गेली, एवढंच विचारणार आहे. ज्यांना आपापल्या तालुक्यासाठी हेच विचारायचं असेल त्यांनी खुशाल हा मजकूर उतरवून घ्यावा.